हजेरीपत्रकाची प्रत मिळणेबाबत

दि. ५ मे २०२५

अर्जदार : खुर्शीद नौशाद पिंजारी, अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती
पत्ता : तुमाले मालूम हाय. चार दिवस राह्यल्या होत्या.
प्रति : समताताई, पालक नेतृत्व प्रशिक्षक, संस्थेचं मोठं ऑफिस, पुणे
विषय : दि. ११ फेब्रुवारीच्या मलकापूर प्रशिक्षणाच्या हजेरीपत्रकाची प्रत मिळणेबाबत
संदर्भ : तुमाले केलेले अकरा फोन

महोदया,

वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की तुमी फोन उचलून नाई राह्यल्या. म्हणून कागद करते. तुमीच शिकवलं होतं, तोंडी बोललेलं सायेब इसरते, कागद इसरत नाई. विषय एका ओळीत लिवायचा, पयल्या ओळीत रडाचं नाई, तारीख टाकायची, पोच घ्यायची. तसंच करून राह्यली. रजिस्टर एडीनं पाठवते. पोस्टात पिवळं कार्ड भरून देलं हाय, त्यावर तुमची सही होऊन ते मह्याकडे वापस येईन.

आता मुद्दा. आपल्या शाळेचे सहावी अन् सातवीचे वर्ग बंद झाले. गेल्या आठवड्यात शाळेच्या भिंतीवर कागद लागला. जूनपासून या पोरायनं चार किलोमीटरवरच्या गावी जायचं. मधात हायवे. तुमी तर तो पाह्यला हाय, मलकापूरकडे जाणारे कापसाचे ट्रक तठी थांबत नाई, तुमी सोता मह्या हाताले धरून रस्ता पार केला होता. मही मलिहा आता सातवीत जाईन. झुंबरबाईची नात काजल सहावीत.

कागदावर लिवलं हाय की शाळा व्यवस्थापन समितीनं ११ फेब्रुवारीच्या सभेत एकमतानं ठराव घेतला. वर्ग हलवाले पालकायची संमती हाय. अन् शेवटी एक ओळ हाय, ती जशीच्या तशी उतरून घेतली : 'पालक आपल्या पाल्यांची ने-आण स्वतः करतील, वाहनाची आवश्यकता नाही.' खाली सात सह्या. पयली सही अध्यक्षाची. अध्यक्ष मी.

११ फेब्रुवारीले मी कुठी होती, ताई? तुमच्या समोर होती. मलकापूरच्या त्या मंगल कार्यालयात, पंख्याखाली, दुसऱ्या रांगेत. त्या सातातल्या सहा सह्या बायायच्या हाय, अन् त्या सहाही जणी तठी होत्या. तुमी सकाळ-सांज दोन टाइम हजेरी घेतली. एक माणूस एका दिवशी मलकापुरातबी बसते अन् गावच्या शाळेतबी, हे कसं होईन? सही खोटी हाय. मी मोताळ्याले जाऊन शिक्षणाच्या सायेबाले तसं सांगून आली. त्यायनं म्हटलं, सबूत आणा. १९ जूनले सुनावणी ठेवली हाय. तठी ठराव खोटा निघाला तर वर्ग राहातीन, नाई तर गेले.

सबूत तुमच्या कपाटात पडलं हाय. एक झेरॉक्स मारून पाठवा. बस एवढंच मांगून राह्यली.

नौशादनं सांगून टाकलं की त्याचा आठवड्याचा प्रत्येक दिवस कुठल्या ना कुठल्या बाजारात गाद्या भरण्यात जाते, तो काई पोरीले नेऊन सोडू शकत नाई, अन् एकटी तर तो धाडणारच नाई. पोरगी घरी बसन म्हणते. मलिहानं ऐकलं. तवापासून ती मह्याशी कामापुरतीच बोलते. तिले वाटते मायच अध्यक्ष, मंग हे कसं झालं.

कळावे. आपली विश्वासू (हे सवयीनं लिवलं),
खुर्शीद

सोबत : काई नाई. सोबत तुमी पाठवाची हाय.


दि. २१ मे २०२५

प्रति : समताताई, पुणे
विषय : हजेरीपत्रकाची प्रत अद्याप न मिळाल्याबाबत
संदर्भ : १) माझे दि. ५ मेचे पत्र. २) तुमचा परवाचा दोन मिनिटांचा फोन

महोदया,

पिवळं कार्ड आलं. त्यावर तुमची सही हाय, गोल गोल, शेवटी शेपटी काढलेली. म्हणजे पत्र भेटलं. मनातलं सांगू? सही पाहून मले आधी बरंच वाटलं. मंग राग आला.

अन् मंग तुमचा फोन, तोबी दुसऱ्याच नंबरवरून. तुमी म्हणल्या, भाभी, जरा समजून घ्या, संस्थेला शाळांमध्ये जायची परवानगी दरवर्षी त्याच ऑफिसकडून घ्यावी लागते, आत्ता आपण वादात नको पडायला. तुमच्या मागं कोनीतरी चहा घेणार का म्हणून इचारत होतं. तुमी त्याले हो म्हणल्या अन् मले, ठेवते हं.

आपण वादात नको पडायला. आपण कोन? तुमाले वादात पडाचं नसन तर मले तो वाद कायले शिकवला? तुमी अठी आल्या तवा मी काय होती? सकाळी पिठाची गिरणी, दुपारी रजईचे टाके, सांजीले भाकरी. वरवट बकालले माहेरी सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकली, त्याउपर कोनं मले काई इचारलं नव्हतं, अन् मीबी इचारलं नव्हतं. बरी होती. तुमीच मही ओढणी धरून मले मीटिंगमधी बसवलं. म्हणल्या, लेकरायसाठी मांगणं म्हणजे भीक नाई, तो त्यायचा हक हाय, अन् मांगणारा मान खाली घालत नाई.

तो खेळ याद हाय? तुमी सायेब झाल्या होत्या. समितीतला एकटा गडी गोविंदा, त्याचा गमछा गळ्यात टाकला, दोन खुर्च्या जोडून टेबल केलं, अन् आमी एकेक जण अर्ज घेऊन यायचं. तुमी म्हणायच्या, साहेब मीटिंगमध्ये आहेत, उद्या या. जे वापस फिरलं ते नापास. अन्नपूर्णाबाई तीनदा नापास झाली. झुंबरबाई बसली ती बसलीच, तुमी पाणी प्याले उठल्या तर तुमच्यामागं मटक्यापाशी आली. काय हासलो होतो आमी. आता खरंखुरं झालं तर तुमीच मीटिंगमधी हाय.

बरं, एक गोष्ट दुरुस्त कराची हाय. मागच्या पत्रात मी लिवलं की सही खोटी हाय. तसं नाई. हेडमास्तर भगवंतराव सरनं परवा ठरावाचं रजिस्टर उघडून मह्यासमोर ठेवलं, गावातले चार जण उभे होते, अन् मले म्हणले, पाहा अध्यक्ष मॅडम, ही सही कोणाची? सही महीच हाय. मही सही मी ओळखते.

पण याले जबाबदार तुमी. तुमचाच नियम, सभेले आल्याबरोबर आधी सही, मंग बसणं. काऊन? तर बाया सैपाकाले लवकर उठून जाते अन् मंग सर त्यायले गैरहजर दाखवते. म्हणून आमी जानेवारीच्या सभेत आल्या आल्या सह्या करून मोकळ्या झालो. वरचं पान कोरंच होतं. त्यावर सरनं मागून काय लिवायचं ते लिवलं अन् तारीख टाकली फेब्रुवारीची. सह्या आमच्या, हुशारी त्याची, नियम तुमचा. आता सांगा, हजेरीपत्रक देण्याची तुमची जिम्मेदारी हाय का नाई?

१९ जूनले सुनावणी हाय. पुन्हा लिवते, १९ जून.

खुर्शीद


दि. ६ जून २०२५

प्रति : समता
विषय : खरं काय झालं त्याबाबत
संदर्भ : माझीच मागची दोन पत्रं. दोन्ही खोटी.

समता,

आज तुले तू म्हणते. मह्यापेक्षा आठ वर्षानं लहान हाय तू, अन् मह्या ताटात जेवली हाय. दुसरं पिवळं कार्डबी आलं. त्यावरबी तुही सही. झेरॉक्स नाई आली. उद्या बकरी ईद हाय, घरात शंभर कामं पडली हाय, अन् मी मटक्यापाशी पाट टाकून तुले लिवत बसली. सासूनं, इमामबीनं, दोनदा येऊन पाह्यलं अन् वापस गेली.

मले कोनाले तरी खरं सांगणं भाग हाय अन् अठी ऐकाले कोनी उरलं नाई, म्हणून लिवते. माफी मांगून नाई राह्यली, समजलं? तुह्यावरचा राग जसाच्या तसा हाय.

जानेवारीच्या सभेतल्या त्या सह्या नाईत. हजेरीची गोष्ट मी रचली. झालं असं.

आपण मलकापूरले जायच्या दोन दिवस आधी, शनवारी, सकाळची शाळा होती. भगवंतराव सरनं मले बोलावून घेतलं. मी नेहमीसारखी ऑफिसच्या दारात उभी राह्यली. चौदा वर्षं झाली या गावात, त्या दारातून आत मी कधी बसली नाई. कोनतीच बाई बसली नाई. सर उठले. सोता उठले, समता. कोपऱ्यातली खुर्ची उचलली, रुमालानं पुसली अन् टेबलासमोर ठेवली. म्हणले, बसा अध्यक्ष मॅडम. चहा सांगतला. मंग रजिस्टर काढलं. म्हणले, तुमी तीन दिवस ट्रेनिंगले जाता, मधात पोषण आहाराचा नाई तर गणवेशाचा काई ठराव निघाला तर लेकरायचं काम अडन, चार-सहा पानावर सह्या करून ठेवा, बाकी मी भरतो.

मी वाचणारी बाई हाय. पान कोरं हाय हे मले दिसत होतं. तरी केली. सहा पानावर सहा सह्या. खुर्ची देली म्हणून केली. मले वाटलं, पाहा, आपण काईतरी झालो. तुह्या ट्रेनिंगचं फळ भेटलं असं वाटलं, अन् तुले कवा सांगते असं झालं होतं.

इथवर सांगतलं असतं तर निभलं असतं. पुढचं सांगाले मही जीभ उचलत नाई.

सरनं म्हटलं, बाकीच्या मेंबरायच्या सह्या कोन आणन, शिपाई सुटीवर हाय. मी म्हटलं, मी आणते. रजिस्टर छातीशी धरून मी घरोघरी गेली. अन्नपूर्णाबाई कांदे निसत होती, तिनं इचारलं पण नाई. गोविंदानं मोटरसायकलच्या सीटवर ठेवून केली. झुंबरबाईनं मात्र इचारलं. म्हणली, पोरी, वर काई लिवलेलं दिसत नाई. तिले वाचता येत नाई, पण कोऱ्या अन् भरल्या पानातला फरक तिले समजला. मी म्हटलं, मी केली हाय ना, तुमी करा बिनधास्त.

तिची सही तुले मालूम हाय. साठीतल्या बाईले तू शिकवली, तिच्या बोटावर बोट ठेवून. दोन वह्या भरल्या होत्या तिनं. पिठाच्या डब्यावर कोळशानं केली होती, न्हाणीच्या दगडावर खडूनं. सही कराले भेटली की खूश. तिनं हात पुसला, ओटीवर मांडी घालून बसली अन् सहाही पानावर जपून जपून, एकेक अक्षर जोडून सही केली. पाव घंटा लागला. मी उभी होती, मले घाई होती, भाकरी टाकायच्या होत्या.

आता तीच सही म्हणून राह्यली की काजलची शाळा बंद करा, आमची संमती हाय.

गेल्या मंगळवारी तिच्या घरी जाऊन मी हे सारं सांगतलं. तिनं ऐकून घेतलं. मंग म्हणली, 'तुले वाचता येत होतं, खुर्शीद.' अन् उठून आत गेली. तवापासून रस्त्यात मी दिसली तर पदर तोंडावर ओढून दुसऱ्या बाजूनं जाते. काजलले तिनं शेतात निंदाले लावलं हाय, आतापासून सवय व्हावी म्हणून.

नौशादले सांगतलं तर तो हासला. मले वाटलं होतं ओरडन. हासला अन् म्हणला, एका खुर्चीत पटली होय तू.

आता तूच इचार कर. तुहं हजेरीपत्रक आलं तर त्यानं साबित होईन की त्या दिवशी आमी तठी नव्हतोच. मंग सायेब इचारन, मंग सह्या कुठून आल्या? मले सांगावंच लागन. म्हणजे तुहा कागद मलेबी उघडं पाडणारा हाय. तरी मांगून राह्यली. हे कळते का तुले? मही इज्जत जाईन हे मालूम असून मांगते, अन् तू परवानगीसाठी दडून बसली.

अन् एक सांग. ट्रेनिंगमधी तू आमाले सायेबाशी कसं लढायचं ते शिकवलं. सायेब खुर्ची पुसून देते तवा काय करायचं, हे काऊन नाई शिकवलं? शिव्या देणाऱ्याले आमी काई ना काई जवाब देलाच असता. जन्मभर ऐकत आलो, सवय हाय. मान देणाऱ्यापुढं आमी पार ढिले पडतो, हे तुले दिसलं नाई?

का तुलेबी कोनी खुर्ची पुसून देली, पुण्यात?

खुर्शीद


दि. २० जून २०२५

प्रति : समताताई
विषय : कालच्या सुनावणीबाबत
संदर्भ : तुमची न आलेली झेरॉक्स

महोदया,

१८ तारखेपर्यंत पोस्टमनची वाट पाह्यली. आता नाई पाहात. काय झालं ते कळवून टाकते, मंग तुमचा रस्ता वेगळा, महा वेगळा.

आदल्या दिवशी मी घरोघरी गेली. त्याच घरायले, त्याच क्रमानं, फक्त हातात रजिस्टर नव्हतं. प्रत्येक दारात सांगतलं की पान कोरं होतं हे मले दिसत होतं, तरी मी तुमच्या सह्या घेतल्या, उद्या मोताळ्याले हे मी सायेबासमोर बोलणार हाय, यायचं असन तर या. अन्नपूर्णाबाईनं मले मनसोक्त बोलून घेतलं. तिचा हक होता. झुंबरबाईच्या घरी काजल दारात आली, म्हणली आजी झोपली हाय. आतून जात्याचा आवाज येऊन राह्यला होता.

सकाळी दोन काळी-पिवळी भरून सतरा बाया निघाल्या. मलिहाले संगं घेतलं, नौशाद नाई म्हणत होता तरी. मंग गोविंदा मागून मोटरसायकलवर आला, त्याच्यामागं झुंबरबाई बसलेली, काजल मधात. मह्याकडे तिनं पाह्यलं नाई.

ऑफिसात बाबू म्हणला, साहेब मीटिंगमध्ये आहेत, उद्या या.

ताई, सतराच्या सतरा बाया हासल्या. बाबूले समजलंच नाई काय झालं. अन्नपूर्णाबाई, तीनदा नापास झालेली, सगळ्यात आधी फरशीवर बसली. त्या घडीले तुमची इतकी याद आली की मले सोताचाच राग आला. दोन घंटे बसलो. सायेब आतच होते, चहा जातानी दिसला.

आत भगवंतराव सर होते, रजिस्टर होतं. सायेबानं मह्या अर्जावर बोट ठेवलं. म्हणले, तुम्ही लिहिलंय सही खोटी आहे, पुरावा आणला का? मही पिशवी रिकामी होती, त्यात फक्त तुमच्या पोचपावत्या होत्या. सरनं मह्याकडे पाह्यलं अन्, खरं सांगते, त्यायनं कोपऱ्यातल्या खुर्चीकडे हात केला, बसा म्हणून. मी उभीच राह्यली.

मी म्हटलं, 'सायेब, सही महीच हाय. पान कोरं होतं. कोऱ्या पानावर मी सोता केली अन् बाकीच्यायच्याबी मीच फिरून आणल्या. हे लिवून घ्या.'

सायेबानं पेन खाली ठेवलं. म्हणले, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय, तुमचं अध्यक्षपद जाईल, चौकशी झाली तर तुमच्यावरही होईल. मी म्हटलं मह्यावर करा, पण वर्ग ठेवा. मह्या चुकीची सजा लेकरायनं काऊन भोगायची?

सायेब म्हणले, तुमच्या एकटीच्या बोलण्यावरून ठराव रद्द होत नसतो, उद्या प्रत्येक जण सही करेल आणि कोरं होतं म्हणेल. तवा मागून झुंबरबाई पुढं आली. बायायले बाजूले सारत आली अन् टेबलापाशी उभी राह्यली. तिनं ते पान मांगितलं. आपल्या सहीवर बोट ठेवलं. म्हणली, 'हे मले येते. याच्या वरचं काईच येत नाई. वर काय लिवलं हाय ते या गुरुजीनं मले कवा वाचून दाखवलं, ते त्याले आता इचारा.'

सायेबानं इचारलं. सरनं रजिस्टर आपल्याकडे ओढून घेतलं. सायेबानं दुसऱ्यांदा इचारलं, ११ तारखेला सभा झाली होती का? तवा सर हळूच म्हणले, वरून फोन होता सर, आठ दिवसांत संमतीचा ठराव पाठवा म्हणून. सायेबाचं तोंड पाहाण्यासारखं झालं. त्या वरच्या फोनात ते सोताबी असतीन, मले काय मालूम. त्यायनं पुढं इचारलं नाई. झटपट लिवलं की ठराव संशयास्पद हाय, पालकायची सभा नव्यानं घ्यावी, तवरोक वर्ग जागेवर राहातीन. अन् खाली लिवलं की अध्यक्षानं कर्तव्यात कसूर केल्याचं सोता कबूल केलं, सबब त्यायले पदावरून कमी कराले शिफारस करण्यात येते.

मी पोच मांगितली. शिक्का मारल्याबिगर हालली नाई.

वापस येतानी झुंबरबाई आमच्या गाडीत बसली. मह्या बाजूले नाई, समोर. मलिहाले तिनं मांडीवर घेतलं, एवढी मोठी पोरगी, पाय खाली लोंबत होते. मह्याशी नाई बोलली. मीबी बोलाले गेली नाई.

हे तुमाले खुश कराले नाई सांगतलं. तुमचा कागद नसतानी झालं, हे कळावं म्हणून सांगतलं.

खुर्शीद
(अध्यक्ष काटलं हाय, पाहून घ्या)


दि. १२ ऑगस्ट २०२५

अर्जदार : खुर्शीद नौशाद पिंजारी, पालक
प्रति : समताताई, पुणे
विषय : आपण पाठविलेला फॉर्म परत करणेबाबत
संदर्भ : आपले दि. ४ ऑगस्टचे पाकीट

महोदया,

तीन महिन्यानं तुमचं पाकीट आलं. पोस्टमननं दारात हाक मारली तवा मी पिठाच्या हातानंच धावली. वाटलं हजेरीपत्रक असन. उशिरा का होईना, तिनं धाडलं. हात धुऊन, पुसून मी ते फोडलं.

आत रंगीत छापलेला फॉर्म. वर लिवलेलं, 'यशोगाथा : संमतीपत्र'. खाली नाव, गाव, अन् मधात मोठी रिकामी जागा. जागेच्या खाली पेन्सिलीनं फुली केलेली. अन् तुमच्या हातची चिठ्ठी : 'भाभी, खूप अभिमान वाटतो तुमचा. सुनावणीचं सगळं कळलं. वार्षिक अहवालात तुमची गोष्ट घेतोय, फोटोसह. फुली केली आहे तिथे फक्त सही करून पाठवा, बाकी आम्ही भरतो.'

मी ते उभ्यानं तीनदा वाचलं. मंग खाली बसली. मलिहा शाळेतून आली तवा मी तशीच बसलेली होती. तिनं फॉर्म घेतला, वाचला, मह्याकडे पाह्यलं अन् म्हणली, अम्मी, हे तर कोरं हाय.

सातवीतल्या पोरीले जे दिसलं, ते तुमाले फुली मारतानी दिसलं नाई? मही चारही पत्रं तुमी वाचली असतीन का नाई, मले आता शंका येते. का वाचली अन् तरी फुली मारली? दोन्हीतलं कोनतं जास्त वाईट, ते मले अजून ठरवता येत नाई.

मले तुमचा इतका राग कोनत्याच दिवशी आला नव्हता. सुनावणीच्या दिवशीबी नाई. अन् त्याच घडीले असंबी वाटलं की तुमालेबी कोनीतरी म्हटलं असन, ताई, लवकर गोष्टी गोळा करा, अहवाल अडला हाय. अन् बसाले खुर्ची देली असन.

तरी अठली खबर कळवते. नव्या सभेत पालकायनं वर्ग हलवाले सरळ नाई म्हटलं. मही जागा गेली. लोकायनं झुंबरबाईले अध्यक्ष केलं. सर म्हणले तिले वाचता येत नाई. गोविंदा म्हणला, म्हणूनच. आता सरले ठराव पयल्या अक्षरापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवावा लागते, सगळ्यायसमोर. झुंबरबाई डोळे मिटून ऐकते. एखादी ओळ समजली नाई तर बोट वर करते अन् सर पुन्हा वाचते. मंग ती मह्याकडे पाहाते. मी मान हलवली की रजिस्टर मांडीवर घेते अन् पाव घंटा लावून सही करते. कोनी घाई करत नाई. मह्याशी ती अजून फक्त सभेतच बोलते. तेवढं बोलते.

महिन्याच्या पयल्या शनवारी शेजारच्या दोन गावच्या बाया आमच्या ओट्यावर येतात. मी त्यायले शिकवते, जे तुमी शिकवलं तेच. विषय एका ओळीत, तारीख, पोच. सायेबाचा खेळबी खेळतो, गमछा गोविंदाचाच. फक्त मी त्यात एक जास्तीचा सायेब टाकला हाय. तो ओरडत नाई. उठून उभा राहाते, खुर्ची पुसते, बसा मॅडम म्हणते, अन् कोरं पान पुढं करते. पयल्या दिवशी आठातल्या सहा बायायनं सही करून टाकली. त्यायले मी नापास नाई केलं. त्यायले मही गोष्ट सांगतली, सगळी, रजिस्टर छातीशी धरून फिरली ते सकट.

तुमाले मही गोष्ट छापायची असन तर ती अशी छापावी लागन. त्यात तुमचं नाव येईन, हजेरीपत्रक येईन, अकरा फोन येतीन. आधी सगळं लिवा. मंग घेऊन अठी या, झुंबरबाईच्या ओसरीत बसा, अन् सगळ्यायसमोर मोठ्यानं वाचून दाखवा. ती डोळे मिटून ऐकन. तिनं बोट वर केलं तर पुन्हा वाचा. जेवण मह्या घरी. राग हाय म्हणून उपाशी नाई धाडणार.

तवरोक फॉर्म वापस करून राह्यली.

खुर्शीद

सोबत :
१) आपला फॉर्म, एक नग. आला तसाच कोरा, सही न केलेला.
२) पिवळं कार्ड. त्यावर पत्राचा विषय पूर्ण लिवला हाय. आधी वाचा, मंग सही करा.